सहा ग्रॅमची ओल

गेल्या महिन्यात एका मुलीचे वडील रेंजवर आले आणि त्यांनी मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. पडद्यावर चीकपीस होता. रायफलच्या दस्त्यावर गाल टेकवायला जो तुकडा बसवतात, तो. ॲल्युमिनियमचा, निळा, चकचकीत, परदेशी.

"मॅडम, हाच मागवून टाकू ना? मोठ्या सरांना विचारून आलो. ते म्हणाले, बाजारातलाच घ्या, घरचं काही लावू नका."

"कोण म्हणालं?"

"मोठे सर."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्या गृहस्थांवर इतक्या जोरात "काही मागवायचं नाही!" म्हणून ओरडले की ते दोन पावलं मागं सरकले. त्यांचा बिचाऱ्यांचा काय दोष? पण मोठे सर, आणि "बाजारातलाच घ्या"? उद्या कोणी येऊन सांगेल की नागऱ्याच्या देवळातला पुजारी म्हणतो, देवबिव काही नसतं, घरी जा!

मी आता एका शाळेत खेळाची शिक्षिका आहे आणि संध्याकाळी याच रेंजवर मुलामुलींना एअर रायफल शिकवते. मला जे येतं ते या मोठ्या सरांनी शिकवलेलं. आणि त्यांच्यावरचा माझा राग जुना आहे. लोकांना वाटतं, शिष्या आहे, कौतुकानं बोलत असेल. कौतुक कसलं! त्या माणसानं मला जितकं चिडवलं तितकं आयुष्यात कोणी चिडवलं नाही.

सर म्हणजे पूर्वी गोंदियातल्या एका राइस मिलमध्ये फिटर. लोक म्हणायचे, ते फौजेत होते, त्यांना मेडल मिळालं होतं. सर म्हणायचे, "मी फिटर हावो. बंदूक बी मशीनच आहे." एवढ्यावर विषय संपायचा. कॉलेजात असताना एनसीसीत बंदूक हातात आली आणि ती सुटली नाही, इतकंच मला कधीतरी काकूंकडून, म्हणजे त्यांच्या बायकोकडून कळलं.

रेंज म्हणजे बंद पडलेल्या मिलचं गोदाम. मालकानं ते सरांना वापरायला दिलं होतं. दहा मीटर सरांनी स्वतः फीत धरून मोजले, एका टोकाला टेबलं मांडली, दुसऱ्या टोकाला सायकलच्या रिंगा बसवल्या आणि त्यावरून सुतळी ओढून कागदाची टार्गेटं पुढंमागं करायची सोय केली. गोदामात वर्षानुवर्षांचा कोंड्याचा वास होता. नवीन आलेलं पोरगं आधी शिंकायचं आणि मग बंदूक धरायचं. सर म्हणायचे, "शिंकून घे. शिंक संपली का श्वास सरळ होते."

छर्रे ते सुपात पाखडायचे. खोटं सांगत नाही. डबीतले छर्रे सुपात ओतायचे, हलक्या हातानं हलवायचे आणि वाकडा दिसेल तो नखानं बाजूला. तांदळातली कनकी, म्हणजे तुटके दाणे, वेगळे करावेत तसं. मग उरलेले सोनाराच्या काट्यावर. एकदा शहरातल्या एका व्यापाऱ्याचा मुलगा सगळं परदेशी सामान घेऊन आला. रायफलला लावायच्या इतक्या वस्तू की त्यांची वेगळी पेटी होती. सरांनी पेटी बाकावर ठेवायला लावली आणि त्याला रिकाम्या हातानं एका जागी उभं केलं. अर्धा तास. तो म्हणाला, "सर, ये सब लगाना कब है?" सर म्हणाले, "पहले खडा तो रह, बाबू. गिरते माणसाले लटकनं कायले?"

बाजारातून आणलेल्या सगळ्या जोडवस्तूंना ते लटकनं म्हणायचे. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, ते आम्हाला दिवसातून दोनदा ऐकावं लागायचं. "विकत आणलेली वस्तू विकणाऱ्याच्या मापाची असते. बंदूक माणसाले बसली पायजे." पण रायफलला काही लावायचंच नाही असंही नव्हतं. उलट! दस्त्याला मागं रबर लागलं तर मिलमधल्या जुन्या रोलचं रबर कापून आणायचे. नळीच्या टोकाला वजन हवं असेल तर मोडीतल्या शाफ्टच्या लोखंडी कड्या स्वतः लेथवर कातून द्यायचे. माझ्या रायफलच्या नळीवर अशा तीन कड्या होत्या, पंचवीस-पंचवीस ग्रॅमच्या, प्रत्येकीला एक स्क्रू. या कड्या लक्षात ठेवा. मी तर त्या जन्मात विसरणार नाही.

मी दवनीवाड्याची. घरी धान. मी रेंजवर जाते हे कळल्यावर बाबांनी विचारलं, शिकवतो कोण? मी सरांचं नाव सांगितलं तर बाबा ताटावरून उठायचेच बाकी राहिले.

"तो? तो दाताखाली दाणा धरणारा? त्यानं माया गाडीभर धान वापस लावला होता, ओला हाये म्हणून!"

गोष्ट खरी होती. मिलमध्ये मशीन असूनही धानाची ओल सांगायला मालक सरांनाच बोलवायचा. सर पोत्यातला दाणा घ्यायचे, दाताखाली कट् करायचे आणि सांगायचे, ओला, की चालेल. नंतर मशीन लावली तरी तेच निघायचं. शेतकरी त्यांना शिव्या घालायचे, पण त्यांच्या दाताला खोटं कोणी म्हटलं नाही. बाबांनीही नाही. "वल होती," ते शेवटी म्हणाले, "पण तोंडावर सांगाची का काही गरज होती? जा, शिक त्याच्यापाशी. खोटं तरी शिकवणार नाही."

माझी अडचण अशी होती की माझी मान लांब. क्लबच्या रायफलवर गाल टेकवला की डोळा पीपच्या, म्हणजे नेम धरायच्या बारीक भोकाच्या खाली राहायचा. मग मी मान ताणायची आणि विसाव्या गोळीनंतर खांदा भरून यायचा. सरांनी दोन आठवडे नुसतं पाहिलं. मग एके दिवशी स्टीलच्या डब्यातून तांदळाच्या पिठाचा भिजवलेला गोळा घेऊन आले.

"उभी राहा. बंदूक उचल. आता यावर गाल टेकव अन् हालू नको."

दस्त्यावर तो थंडगार गोळा थापला होता. मी त्यावर गाल दाबून दहा मिनिटं उभी. बाकीची पोरं खीखी करून हसत होती. गालाला पीठ, केसांना पीठ. असं त्यांनी सात वेळा केलं! सात दिवस, सात गोळे, कारण "माणसाचा गाल रोज एकसारखा नसते, बेरीज घ्यावी लागते." काकूंनी नंतर मला सांगितलं, त्या आठवड्यात घरी तांदळाच्या भाकरी झाल्याच नाहीत.

मग त्यांनी शिवणीच्या झाडाचं लाकूड घेतलं. ते आधीच वर्षभर मिलच्या भुशात गाडून ठेवलेलं होतं, वाळायला. कोरून, घासून, पुन्हा माझ्या गालाला लावून, पुन्हा घासून, दोन महिन्यांनी चीकपीस झाला. दिसायला काही नाही. भाकरीच्या तुकड्यासारखा. पण पहिल्यांदा त्यावर गाल ठेवला आणि डोळा आपोआप भोकाच्या मधोमध येऊन बसला. मान मोकळी. मी रायफल खाली केली आणि सरांकडं पाहिलं.

"पॉलिश नाही मारणार," सर म्हणाले. "पॉलिशवर गाल घसरते. लाकडानं घाम प्याला पायजे."

पूर्ण रायफलचं वजन साडेपाच किलोच्या वर जाता कामा नये, असा नियम आहे. सरांनी सगळं जोडून काट्यावर ठेवलं. पाच किलो चारशे अठ्ठ्याण्णव ग्रॅम. मी म्हटलं, सर, थोडी जागा सोडू या ना. तर म्हणाले, "काऊन? जेवढं देऊन राहिले तेवढं घ्याचं. वजन हातात असलं का हात शांत राहते." दोन ग्रॅम! पोतं शिवताना दाण्याचाही हिशेब ठेवणारा माणूस, त्याला कोण समजावणार?

ज्युनियरमधलं माझं ते शेवटचं वर्ष होतं. राज्य स्पर्धेत पात्रतेचे गुण मिळवले तर राष्ट्रीयला जायचं, नाही तर ज्युनियर संपलं. स्पर्धा समुद्रकाठच्या मोठ्या शहरात, भर पावसाळ्यात. आम्ही चार दिवस आधी पोचलो. ज्या वसतिगृहात उतरलो तिथं भिंतींना पाणी सुटलं होतं आणि चार दिवसांत माझे मोजे काही वाळले नाहीत. मला सरावाची काळजी, सरांना चहाची. तिथला चहा त्यांना गोडच लागेना.

स्पर्धेआधी सामानाची तपासणी असते. लांब टेबल, मागं तपासनीस, पुढं आमची रांग. पुढच्या मुलीच्या रायफलला सगळं कंपनीचं होतं. तिची तपासणी दोन मिनिटांत झाली. माझी रायफल आली आणि तपासनिसानं चीकपीस दोन बोटांनी चाचपला. उष्ट्याला हात लागावा तसा.

"हे काय? घरी बनवलंय?"

"नियमात बसते," सर मागून म्हणाले. नियमांचं पुस्तक बियाण्याच्या प्लास्टिकच्या पिशवीत त्यांच्याजवळच असायचं. "मापं पाहून घ्या तुमी."

त्यानं मापं घेतली. प्रत्येक माप दोनदा घेतलं. सगळी नियमात. त्याचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. मग रायफल काट्यावर ठेवली आणि त्याचा चेहरा खुलला.

"पाच किलो पाचशे सहा. सहा ग्रॅम जास्त."

"शक्यच नाही," सर म्हणाले. "तुमचा काटा पाहा आधी. बाट ठेवून पाहा."

"काका, ही धानाची मंडई नाही."

मागची सगळी रांग हसली. अहो, सगळी! माझ्याच वयाच्या मुली, त्यांचे कोच, त्यांच्या आया. तपासनीस हसला आणि त्यानं मेहरबानी केल्यासारखं एक किलोचं बाट काट्यावर ठेवलं. बरोबर एक किलो. सर बघत राहिले. त्यांनी स्वतः रायफल उचलून पुन्हा ठेवली. पुन्हा पाचशे सहा.

"असं कसं होऊन राहिलं?" ते मोठ्यानं म्हणाले. "मी सोता मोजलं होतं. असं कसं होऊन राहिलं, साहेब?"

मागं कोणीतरी त्यांची नक्कल केली. "होऊन राहिलं!" पुन्हा हशा.

"काहीतरी काढा आणि या. पाच मिनिटं देतो," तपासनीस म्हणाला.

त्या क्षणी मी काय केलं ते सांगते. मी खिशातून स्क्रूची चावी काढली, चीकपीसचे दोन्ही स्क्रू सोडले आणि तो तुकडा टेबलाच्या कडेला ठेवला. बाजूलाच एका विक्रेत्याचं दुकान मांडलेलं होतं. त्याच्याकडून एक ॲल्युमिनियमचा चीकपीस मागून घेतला आणि बसवला. निळाच होता तोही. रायफल वजनात बसली. तपासनीस म्हणाला, "हं, आता कशी प्रोफेशनल दिसते." मी सरांकडं न बघता निघून गेले.

पुढचं सांगण्यासारखं काही नाही. तो निळा तुकडा कितीही वरखाली केला तरी डोळा जागेवर येईना. मान ताणून साठ गोळ्या मारल्या. दीड गुणानं राहिले.

परतीच्या गाडीत सर समोरच्या बाकावर होते. लाकडाचा तुकडा रुमालात गुंडाळून मांडीवर घेऊन बसले होते. मी चिडले होते. काट्याशी भांडायची काय गरज होती? एवढ्या लोकांत "होऊन राहिलं, होऊन राहिलं" करायची काय गरज होती? गोंदिया स्टेशन येईपर्यंत मी मनातल्या मनात त्यांना फाडून खात होते.

आठ-दहा दिवसांनी सर दवनीवाड्याला आमच्या घरी आले. मोपेडवर, पावसात. हातात तोच स्टीलचा डबा. बाबा ओसरीवर होते. सरांनी डबा उघडला. आत तांदूळ आणि तांदळात पुरलेला चीकपीस.

"आठ ग्रॅम उतरला," ते बाबांना म्हणाले, मला नाही. "तेथची हवा ओली. लाकूड पाणी प्यालं. पॉलिश मारलं असतं तर नसतं प्यालं. जागा सोडली असती तरी चाललं असतं. जिंदगीभर लोकांच्या धानाची ओल पाहली, अन् आपल्या लाकडाची नाही पाहली. पोरीचं वर्स मायामुळं गेलं. हे सांगाले आलो."

बाबांना हसायची एवढी संधी आयुष्यात पुन्हा मिळाली नसती. गाडीभर धानाचा बदला समोर चालून आला होता. पण बाबा हसले नाहीत. त्यांनी आत वळून चहा ठेवायला सांगितला. सर चहा न घेताच गेले.

त्यानंतर सरांनी लाकडाला हात लावला नाही. मला त्यांनी स्वतः बाजारातला चीकपीस घ्यायला लावला. तो बसवून, घासूनपुसून कसाबसा जमवला आणि मी सिनियरमध्ये दोनदा राष्ट्रीयला गेले. पदक नाही आलं. सर थकले, रेंज माझ्याकडं आली. आणि जो येईल त्याला सर सांगत सुटले, घरचं काही लावू नका.

आता खरं सांगते. नळीवर तीन कड्या होत्या, पंचवीस-पंचवीस ग्रॅमच्या. सहा ग्रॅम कमी करायचे होते. एक स्क्रू सोडून एक कडी काढली असती तर काम झालं असतं, आणि माझा गाल माझ्या लाकडावर राहिला असता. चावी माझ्या हातात होती. कड्या मला आठवत नव्हत्या? होत्या! रायफल उचलताना माझं बोट त्यातल्या एकीवरच होतं. पण मला कडी काढायची नव्हती. मला ते लाकूड काढायचं होतं. सगळी रांग हसत होती ना त्याला. आणि हे मी इतक्या वर्षांत एका माणसालाही सांगितलं नाही. सरांनी ओलीचा दोष स्वतःच्या डोक्यावर घेतला आणि मी तो घेऊ दिला. लाज वाटायला पाहिजे मला.

त्या गृहस्थांवर ओरडून झाल्यावर मी रेंजला कुलूप लावलं. कोपऱ्यात शिवणीचा एक ओंडका पडून होता, तो स्कूटीच्या पायाशी ठेवला आणि तडक सरांच्या घरी गेले. सर अंगणात खुर्चीवर बसले होते. काकू तांदूळ निवडत होत्या.

"लोकांना बाजारातलं घ्या म्हणून काऊन सांगून राहिले तुमी?" मी उभ्या उभ्याच विचारलं. सरांशी मी कायम शाळेतलं मराठी बोलत आले. त्या दिवशी घरचं तोंडात आलं.

"मंग काय सांगू?"

"सर, नळीवर तीन कड्या होत्या."

"होत्या ना. मीच कातल्या होत्या."

"एक काढली असती तर..."

"काम झालं असतं," सर म्हणाले. "मले मालूम हाये."

काकूंचा हात सुपात थांबला.

"कधीपासून?"

"तेथच. तू चावी काढली तेव्हा वाटलं, कडी काढते. तू लाकूड काढलं. तुया तोंडाकडं पाहलं अन् समजलं. लाज वाटून राहिली होती तुले. माया बोलण्याची, लाकडाची. एकोणीस वर्साच्या पोरीले वाटते."

"मग बोलले काऊन नाही? घरी येऊन ओल, ओल काऊन करत बसले?"

"ओल खरीच होती. खोटं नाही बोललो मी." सरांनी चष्मा काढून धोतराला पुसला. "पण तुले म्हटलं असतं का चूक तुयी हाये, तर तू दुसऱ्या दिवशी बंदूक ठेवून देली असती. वळखतो मी तुले. म्हणून म्हटलं, राहू दे, आपल्यावर घेऊ. आता एवढी मोठी चूक केलेला माणूस पुन्हा दुसऱ्याच्या बंदुकीले लाकूड कसं लावल? तुले शंका आली असती. म्हणून सोडलं. तू बंदूक नाही सोडली, मी लाकूड सोडलं. सस्त्यात पटलं."

सस्त्यात! या माणसाचे हात, तो पिठाचा गोळा, ते दोन महिने, आणि म्हणे सस्त्यात! दुसरी कोणी असती तर पायावर डोकं ठेवून रडली असती. मी स्कूटीवरून ओंडका उचलून आणला आणि त्यांच्या पुढ्यात धाडकन आपटला. काकूंच्या सुपातले तांदूळ उडाले.

"मले विचारलं होतं काय तुमी?" मी ओरडले. "माया चुकीचा सौदा मले न विचारता करणारे तुमी कोण? होती ना मायी चूक! मले करू द्याची होती ना कबूल! ती पोरगी आहे माझ्याकडं, तिची मान माझ्यापेक्षा लांब आहे. करा तिच्यासाठी. आणि कोणी हसलं तर मी हाये तेथ उभी."

सर खुर्चीत पुढं सरकले. वाकले, ओंडका दोन्ही हातांनी उचलला, कानाशी नेला आणि बोटाच्या पेरानं ठोकला. एकदा, मग उलटा करून पुन्हा एकदा.

"ओला हाये," ते म्हणाले.

"मग?"

"मंग काय? भुशात गाडून ठेव. वर्सभर तरी हात नाही लावाचा." मग काकूंकडं वळले. "ऐकलं का व? उद्या तांदळाचं पीठ भिजवून ठेवजो. माप आतापासूनच घ्या लागल, पोरीचा गाल रोज एकसारखा नसते."

काकू म्हणाल्या, "म्हणजे आठवडाभर भाकरी बंद," आणि सांडलेले तांदूळ वेचायला लागल्या. मीही त्यांच्याबरोबर वेचायला बसले. मग फाटकाबाहेर येऊन त्या मुलीच्या वडिलांना फोन लावला आणि सांगितलं, निळा चीकपीस मागवायचा नाही, उद्या पोरीला सकाळी सात वाजता घेऊन या, आणि केस बांधून आणा. जरा चढ्या आवाजातच सांगितलं.